कंपनीची ख्रिसमस पार्टी: एका बिलाचे तीन हिशेब

डिसेंबरमधील पार्टीचे बिल जानेवारीत माझ्याकडे हिशेबाला येते, तेव्हा सोबत बहुधा एकच प्रश्न असतो: “माणशी दीडशे पौंडांपर्यंत चालते ना?” चालते, परंतु दीडशेचा हा आकडा कॉर्पोरेशन टॅक्सचा नाही, व्हॅटचाही नाही, आणि वर्षाला हक्काने उचलायचा भत्ता तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी चालवणाऱ्या मराठी मंडळींत, आणि पुण्या-मुंबईत बसून अशा कंपन्यांचे जमाखर्च लिहिणाऱ्यांतही, या एका आकड्याभोवती इतके गैरसमज साचले आहेत की खर्च खरा असूनही दावा चुकतो. पुढील टप्पे कामाच्या क्रमाने दिले आहेत, कारण यांतील बऱ्याच चुका पार्टीच्या आधीच होऊन गेलेल्या असतात आणि वर्षअखेरीस त्या निस्तरता येत नाहीत.

हे विवेचन ब्रिटनमधील लिमिटेड कंपनीपुरते आहे. स्वतःच्या नावावर धंदा करणारा मालक हा कायद्याच्या दृष्टीने स्वतःचा कर्मचारी नसतो, त्यामुळे त्याच्या ताटाला हे नियम लागत नाहीत. त्याच्या नोकरांना लागतात. भारतातील जीएसटीची सवयही येथे बाजूला ठेवावी. तिकडे खाण्यापिण्यावरील इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) बहुतांशी अडवलेले असते, तर इकडे कर्मचाऱ्यांच्या वाट्याचा व्हॅट परत मिळू शकतो.

## टप्पा १: तीन प्रश्न वेगळे करा

एकाच बिलाला तीन कर तीन वेगळे प्रश्न विचारतात, आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

कॉर्पोरेशन टॅक्स विचारतो की हा खर्च कर्मचाऱ्यांसाठी होता की ग्राहकांसाठी. कर्मचाऱ्यांसाठी असेल तर तो नफ्यातून वजा होतो, आणि येथे माणशी कोणतीही मर्यादा नाही. ग्राहक, पुरवठादार किंवा इतर व्यावसायिक ओळखींसाठी असेल तर २००९ च्या कॉर्पोरेशन टॅक्स कायद्याच्या कलम १२९८ नुसार तो वजा होत नाही.

व्हॅट विचारतो की ताटावर बसलेला माणूस तुमचा कर्मचारी होता की पाहुणा, आणि संचालकांव्यतिरिक्त तेथे कोणी होते की नाही.

तिसरा प्रश्न कर्मचाऱ्याच्या प्राप्तिकराचा आणि नॅशनल इन्शुरन्सचा (सामाजिक सुरक्षेच्या सक्तीच्या वर्गणीचा) आहे. कंपनीने दिलेले जेवण हा कर्मचाऱ्याला मिळालेला लाभ आहे का, आणि असल्यास तो करपात्र आहे का, हे येथे पाहिले जाते. दीडशे पौंडांची मर्यादा फक्त या तिसऱ्या प्रश्नाची आहे. ती २००३ च्या प्राप्तिकर (कमाई व निवृत्तिवेतन) कायद्याच्या कलम २६४ मध्ये आहे. पूर्वी ती ७५ पौंड होती, एप्रिल २००३ पासून १५० झाली, आणि तेव्हापासून तिथेच थांबली आहे. उपाहारगृहांचे दर मात्र तिच्यासाठी थांबलेले नाहीत, म्हणून ही मर्यादा आता पूर्वीपेक्षा अधिक जपून सांभाळावी लागते.

सावधान: माणशी १५० च्या वर गेलेली पार्टी ‘नामंजूर’ होते असे समजून अनेक जण तो खर्च स्वतःच्याच हाताने कॉर्पोरेशन टॅक्समधून बाहेर काढतात. ही उलटी चूक आहे. मर्यादा ओलांडली तर कर्मचाऱ्याच्या बाजूला कर लागतो. कंपनीची वजावट शाबूतच राहते.

## टप्पा २: सोहळा अटींत बसतो का, ते आधी पाहा

करमाफीसाठी तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात.

पहिली अट अशी की सोहळा दरवर्षी होणाऱ्या स्वरूपाचा असावा. तो ख्रिसमसचाच असावा असे कायदा म्हणत नाही. उन्हाळ्यातील बार्बेक्यू चालते आणि दरवर्षीचे दिवाळीचे जेवणही चालते. कंपनीला दहा वर्षे झाली म्हणून एकदाच दिलेली मेजवानी मात्र बसत नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहज ठरवून केलेले पेयपानही नाही.

दुसरी अट अशी की तो सर्व कर्मचाऱ्यांना खुला असावा. कंपनीची दोन ठिकाणी कार्यालये असतील, तर एका ठिकाणच्या सर्वांना खुला असलेला सोहळाही चालतो. सर्वांनी आलेच पाहिजे असे नाही; बोलावणे सर्वांना गेलेले हवे. पाच कर्मचारी असलेल्या कंपनीत दोघा संचालकांनीच बाहेर जेवून त्याला ‘वार्षिक सोहळा’ म्हणणे ही अट मोडते.

तिसरी अट माणशी १५० पौंडांची, व्हॅट धरून. तिचा हिशेब टप्पा ४ मध्ये येतो.

तपासणी: सर्वांना पाठवलेले आमंत्रणाचे ईमेल आत्ताच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ‘सर्वांना खुला होता’ याचा याहून सोपा पुरावा नाही, आणि तीन वर्षांनी तो शोधायला गेल्यास सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या बंद झालेल्या मेलबॉक्समध्ये सापडतो, म्हणजे सापडत नाही.

## टप्पा ३: येणाऱ्यांची यादी चार रकान्यांत लिहा

पार्टीला येणारा प्रत्येक माणूस चारांपैकी एका रकान्यात बसतो: कर्मचारी (यांत पगारपत्रकावरील संचालकही आले), कर्मचाऱ्याचा जोडीदार किंवा घरचा माणूस, ग्राहक किंवा व्यावसायिक पाहुणा, आणि स्वतंत्रपणे काम करणारा कंत्राटदार.

चौथ्या रकान्यात सर्वाधिक घोळ होतो. तुमच्याकडे दोन वर्षे रोज येऊन बसणारा, पण स्वतःचे बिल पाठवणारा डिझायनर किंवा प्रोग्रामर तुमचा कर्मचारी नाही. तो टीमचाच भाग आहे ही भावना खरी असली तरी त्याचे ताट व्यावसायिक आदरातिथ्यात जाते. व्हॅटच्या दृष्टीने नोकरी सोडून गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांचेही तसेच.

जोडीदारांना बोलावल्याने काही बिघडत नाही, उलट दरडोई हिशेबात त्यांचे डोके मोजले जाते. फक्त व्हॅटच्या वेळी त्यांना वेगळे काढावे लागते.

ग्राहकांना बोलवायचे असेल तर एकदा थांबून विचार करावा. दहा कर्मचारी आणि पाच ग्राहक असतील तर एक तृतीयांश खर्च कॉर्पोरेशन टॅक्ससाठी नफ्यात परत जोडावा लागतो, म्हणजे त्याची वजावट मिळत नाही. परंतु सोहळा मुळात ग्राहकांसाठी आहे आणि कर्मचारी यजमान म्हणून हजर आहेत, असे चित्र असेल, तर कर्मचाऱ्यांच्या वाट्याचीही वजावट जाते. माझ्या मते छोट्या कंपनीने हे दोन कार्यक्रम कधीच एकत्र करू नयेत. वाचलेल्या हॉलभाड्यापेक्षा वाढलेला हिशेब महाग पडतो.

## टप्पा ४: बुकिंगच्या आधी दरडोई खर्च काढा

येथे घाई करू नये.

दरडोई खर्च म्हणजे सोहळ्याचा व्हॅटसह एकूण खर्च, भागिले प्रत्यक्ष हजर असलेली माणसे. एकूण खर्चात जेवण आणि मद्य तर येतेच, शिवाय हॉलभाडे, डीजे, सजावट, घरी सोडणाऱ्या टॅक्सी आणि रात्रीचा मुक्काम ठेवला असेल तर हॉटेलच्या खोल्याही येतात. सर्व्हिस चार्ज येतो. भागाकारात जोडीदार आणि इतर पाहुणेही मोजले जातात.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. कंपनीत संचालक धरून आठ कर्मचारी आहेत आणि चौघांचे जोडीदार येणार आहेत, म्हणजे बारा माणसे. माणशी १२० पौंडांचा मेनू ठरला, म्हणून जेवणाचे व्हॅटसह १,४४० पौंड झाले. त्यावर साडेबारा टक्के ऐच्छिक सर्व्हिस चार्ज लागला, १८० पौंड. टॅक्सीचे ६० पौंड. एकूण १,६८० पौंड. भागिले १२, म्हणजे माणशी १४०. मर्यादेच्या आत.

आता त्या दिवशी सकाळी एका कर्मचाऱ्याला ताप आला, त्यामुळे तो आणि त्याची पत्नी आले नाहीत. आणखी एकाच्या पत्नीला सुट्टी मिळाली नाही. उपाहारगृहाने बारा ताटांचे पैसे आगाऊ घेतलेले आहेत आणि टॅक्सीही ठरलेल्याच दराने आल्या. खर्च १,६८०, हजर माणसे ९. दरडोई १८६ पौंड ६७ पेन्स.

येथे मर्यादेच्या वरचे ३६ पौंड ६७ पेन्स करपात्र होत नाहीत. सगळेच्या सगळे १८६ पौंड ६७ पेन्स होतात. ही सूट आहे, भत्ता नव्हे. १५० वर पूर्ण माफी, १५० पौंड १ पेनीवर माफी शून्य. आणि ज्या कर्मचाऱ्याची पत्नी सोबत होती, त्याच्या नावावर दोन ताटांचा लाभ लागतो, म्हणजे ३७३ पौंड ३४ पेन्सच्या घरात.

म्हणून मेनू निवडतानाच मर्यादेला खेटून बसू नये. मी छोट्या कंपन्यांना सर्व खर्च धरून माणशी १२० च्या आसपास थांबायला सांगते. बारापैकी दोघे आले नाहीत तरी १२ गुणिले १२० भागिले १०, म्हणजे १४४, हिशेब तगतो. शिवाय उपाहारगृहाला संख्या कमी करण्याची शेवटची तारीख लेखी विचारावी, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाकडून होकार पुन्हा घ्यावा. ऐनवेळी जागा रिकामी होत असेल तर एकट्या येणाऱ्या सहकाऱ्याला कोणाला तरी सोबत आणायला सांगणे हा सरळ उपाय आहे. ताट तर तसेही भरलेलेच असते.

### दिवाळी आणि ख्रिसमस दोन्ही असतील तर

मर्यादा एका सोहळ्याची नाही. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या कर-वर्षातील सर्व वार्षिक सोहळ्यांची मिळून आहे. दिवाळीचे जेवण माणशी ६० आणि ख्रिसमसचे ८५ असेल, तर बेरीज १४५ होते आणि दोन्ही माफ. दिवाळी ६० आणि ख्रिसमस ९५ असेल तर बेरीज १५५ होते. अशा वेळी दोन्हींपैकी कोणता सोहळा माफीत घालायचा हे ठरवता येते. अर्थात मोठा, ९५ चा. दिवाळीचे ६० मग पूर्ण करपात्र होतात आणि ते दिवाळीला हजर असलेल्यांच्या नावावर जातात.

याला एक पळवाट आहे, आणि ती कायद्यातीलच आहे. किरकोळ लाभांच्या सवलतीनुसार माणशी ५० पौंडांपर्यंतची वस्तू किंवा जेवण करमुक्त असते. मात्र ते रोख किंवा रोखीत बदलता येणारे व्हाउचर नसावे, कामगिरीचे बक्षीस नसावे, आणि नोकरीच्या करारात त्याचा हक्क दिलेला नसावा. म्हणजे दिवाळीचे जेवण ५० च्या आत बसवले तर ते या दुसऱ्या दाराने आत येते आणि ख्रिसमससाठी पूर्ण १५० मोकळे राहतात. येथेही ५१ झाले की सगळे ५१ करपात्र.

सावधान: उपाहारगृह स्वस्तात देते म्हणून पार्टी जानेवारीत ढकलली तरी कर-वर्ष बदलत नाही. गेल्या जूनमधील बार्बेक्यू आणि ही जानेवारीची ‘ख्रिसमस’ पार्टी एकाच १५० मध्ये मोजली जाते. कंपनीचे हिशेबी वर्ष डिसेंबरला संपत असले तरी या मर्यादेला त्याच्याशी देणेघेणे नाही.

## टप्पा ५: बिल नीट घ्या, त्याच रात्री

कार्ड मशीनमधून निघालेली पांढरी चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. तिच्यावर फक्त रक्कम असते. व्हॅट क्रमांक नसतो, काय खाल्ले ते नसते, आणि सर्व्हिस चार्ज वेगळा दिसत नाही. व्हॅटसह २५० पौंडांपर्यंतच्या खरेदीला साधे व्हॅट बिल चालते. त्याच्या वर पूर्ण व्हॅट बिल लागते, ज्यावर तुमच्या कंपनीचे नाव आणि पत्ता हवा. बारा माणसांचे जेवण २५० च्या आत होत नाही, तेव्हा बुकिंग करतानाच कंपनीचे नाव द्यावे आणि आगाऊ रकमेचे बिलही त्याच नावाने मागून घ्यावे.

पैसे शक्यतो कंपनीच्या कार्डाने द्यावेत. एखाद्या सहकाऱ्याने स्वतःच्या खिशातून दिलेच, तर बिल कंपनीच्या नावाचे घेऊन खर्चाच्या दाव्याने त्याला परतफेड करावी. ‘मी सगळ्यांचे दिले, ते पगारात टाका’ असे मात्र करू नये. पगारात टाकलेली रक्कम पगारच ठरते.

बिल हातात आले की त्याच रात्री, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, मागे हजर माणसांची नावे लिहून टाकावीत. आमंत्रितांची यादी आणि हजर माणसांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भागाकार दुसरीने होतो.

## टप्पा ६: व्हॅटचा वाटा काढा

मघाच्या उदाहरणात बाराही जण आले असे धरा. १,४४० पौंडांच्या जेवणात व्हॅट २४० पौंड आहे. ऐच्छिक सर्व्हिस चार्ज व्हॅटच्या कक्षेबाहेर असतो, म्हणून १८० वर काही नाही. तो सक्तीचा असता तर त्यातही व्हॅट धरला गेला असता. टॅक्सीवाल्याची व्हॅट नोंदणी नव्हती, म्हणून ६० वरही नाही. १,६८० ला सहाने भागून २८० पौंड व्हॅट काढणारे हिशेब मी पाहिले आहेत. ते चूक आहेत.

या २४० पैकी कर्मचाऱ्यांचा वाटा परत मिळतो: बारापैकी आठ, म्हणजे १६० पौंड. जोडीदारांच्या वाट्याचे ८० पौंड परत मिळत नाहीत आणि ते खर्चातच राहतात. (कंपनीने पाहुण्यांकडून खरोखरच शुल्क घेतले, तर गणित बदलते: त्या शुल्कावर व्हॅट भरावा लागतो, आणि पाहुण्यांच्या वाट्याचाही व्हॅट परत मागता येतो. छोट्या कंपनीत हे क्वचितच कोणी करते.)

दोन परिस्थितींत व्हॅट अजिबात मागू नये. एक, जेव्हा जेवायला फक्त संचालकच होते. अशा खर्चाला व्हॅटच्या दृष्टीने धंद्याचा हेतू मानला जात नाही. संचालक इतर कर्मचाऱ्यांसोबत पार्टीत असतील तर ही अडचण नाही. दोन, कंपनी फ्लॅट रेट योजनेत असेल तेव्हा, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने व्हॅट भरत असेल आणि अशा खर्चावरचा व्हॅट वेगळा मागता येत नसेल तेव्हा. एकट्याने काम करणारे अनेक आयटी सल्लागार याच योजनेत असतात आणि तरीही खर्च व्हॅट वगळून नोंदवतात. त्यांनी पूर्ण रक्कम, व्हॅटसह, खर्चात लिहावी.

## टप्पा ७: खात्यात योग्य जागी नोंदवा

उरले १,६८० उणे १६०, म्हणजे १,५२० पौंड. ही रक्कम नफ्यातून वजा होते. कंपनीचा नफा ५०,००० पौंडांच्या आत असेल तर १९ टक्के दराने कर २८८ पौंड ८० पेन्सनी कमी होतो. पार्टी ‘फुकट’ झाली असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा: शंभरातील एकोणीस परत आले, एक्क्याऐंशी गेलेच.

नोंदीसाठी दोन वेगळी खाती ठेवावीत: एक कर्मचारी कल्याणाचे आणि एक व्यावसायिक आदरातिथ्याचे. दोन्ही ‘एन्टरटेनमेंट’ या एकाच नावाखाली टाकली की वर्षअखेरीला विवरणपत्र भरणारा माणूस सावधपणा म्हणून सगळेच नफ्यात परत जोडतो, किंवा घाईत सगळेच खर्चात राहू देतो. पहिल्यात तुमचे पैसे जातात, दुसऱ्यात तुमचे विवरणपत्र चुकते.

हिशेबी वर्ष ३१ डिसेंबरला संपत असेल आणि पार्टी जानेवारीत असेल, तर नोव्हेंबरमध्ये भरलेली आगाऊ रक्कम त्या वर्षाचा खर्च नव्हे. ती पुढील वर्षाकडे न्यावी. उलट, पार्टी डिसेंबरमध्ये होऊन बिल जानेवारीत आले तर खर्च डिसेंबरचाच.

पार्टीत दिलेल्या भेटी वेगळ्या काढाव्यात. मिठाईची पेटी किंवा वाइनची बाटली वर सांगितलेल्या ५० पौंडांच्या सवलतीत बसते. रोख बक्षीस कशातच बसत नाही. ते पगारपत्रकातूनच जायला हवे.

## टप्पा ८: मर्यादा ओलांडली असेल तर

आधी दडवू नये. सोहळा माफीत बसत असेल तर एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, काहीच कळवावे लागत नाही. बसत नसेल तर कळवावे लागते, आणि त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पी११डी फॉर्मवर त्याचा लाभ दाखवला जातो. मुदत कर-वर्ष संपल्यानंतरच्या ६ जुलैची. कर्मचारी आपापला प्राप्तिकर भरतो आणि कंपनी क्लास १ए नॅशनल इन्शुरन्स भरते; एप्रिल २०२५ पासून त्याचा दर १५ टक्के आहे. ही नॅशनल इन्शुरन्सची रक्कम ऑनलाइन भरण्याची शेवटची तारीख २२ जुलै. नऊ माणसांच्या उदाहरणात कंपनीवर १,६८० च्या १५ टक्के, म्हणजे २५२ पौंड येतात. शिवाय हौसेने जेवायला बोलावलेल्या सहकाऱ्याला त्याच जेवणाचा कर भरायला लावायचा, हे अवघड जागीचे दुखणे आहे.

म्हणून बहुतेक जण दुसरा मार्ग घेतात: पीएवायई सेटलमेंट अॅग्रीमेंट, म्हणजे एचएमआरसीशी केलेला करार. यात कर्मचाऱ्यांचा करही कंपनीच भरते. मात्र कोणाचा तरी कर भरणे हाही लाभच, म्हणून रक्कम फुगवून धरली जाते. सर्व कर्मचारी २० टक्के दरात असतील तर १,६८० भागिले ०.८, म्हणजे २,१०० पौंड. त्यांवर कर ४२०, आणि २,१०० वर १५ टक्के क्लास १बी नॅशनल इन्शुरन्स, ३१५. एकूण ७३५ पौंड. तीन माणसे आली नाहीत, एवढ्याने. ४० टक्के दराच्या कर्मचाऱ्यांसाठी भागाकार ०.६ ने होतो, आणि स्कॉटलंडमधील करदात्यांचे दर निराळे असतात.

डिसेंबर २०२५ च्या पार्टीसाठी हा करार ५ जुलै २०२६ पर्यंत झालेला हवा आणि पैसे ऑनलाइन २२ ऑक्टोबर २०२६ पर्यंत भरायचे.

## एकट्या संचालकाची कंपनी

मला सर्वाधिक विचारणा याच गटाकडून होते. कलम २६४ मध्ये किमान कर्मचारीसंख्या दिलेली नाही, त्यामुळे एकच संचालक-कर्मचारी असलेल्या कंपनीलाही सूट मिळते, आणि जोडीदाराला सोबत नेल्यास दोघांचे मिळून ३०० पौंडांपर्यंतचे वर्षाचे जेवण माफीत बसते. व्हॅट मात्र मिळत नाही, कारण तेथे संचालकाव्यतिरिक्त कर्मचारी नव्हता.

चुका तीन प्रकारच्या होतात. बिल नसतानाच वर्षअखेरीला ‘पार्टी: १५०’ अशी नोंद टाकली जाते, खर्च झालाच नसेल तर सूट कशाला लागणार? दुसरी चूक दोन वेगवेगळ्या तीनशेंची गल्लत. किरकोळ लाभांसाठी अशा कंपनीच्या संचालकाला वर्षाला एकूण ३०० पौंडांची कमाल मर्यादा आहे. पार्टीचे ३०० म्हणजे दोन माणसांचे दीडशे. दोन्ही स्वतंत्र आहेत आणि एकातील शिल्लक दुसऱ्यात जात नाही.

तिसरी चूक दहा पौंडांची. दोघांचे बिल ३१० झाले तर माणशी १५५ होतात, आणि पूर्ण ३१० संचालकाचा करपात्र लाभ ठरतो. तो ४० टक्के दरात असेल तर १२४ पौंड प्राप्तिकर आणि कंपनीवर ४६ पौंड ५० पेन्स नॅशनल इन्शुरन्स. शेवटची कॉफी न मागवलेली बरी.

घरी मंडळाच्या मित्रांना बोलावून केलेला फराळ कंपनीच्या नावावर टाकणे हे यांतल्या कशातच बसत नाही. तो घरचा खर्च आहे, मग त्या मित्रांपैकी दोघे कधीकाळी ग्राहक का असेनात.

## टप्पा ९: फाइल बंद करण्यापूर्वी

एका सोहळ्याचे एक पाकीट करावे, कागदी किंवा डिजिटल, आणि त्यात पुढील कागद असावेत: सर्वांना गेलेले आमंत्रण, व्हॅट क्रमांक असलेले बिल आणि आगाऊ रकमेचे बिल, टॅक्सी व इतर खर्चाच्या पावत्या, चार रकान्यांची हजेरी, आणि अर्ध्या पानावर दरडोई खर्चाचा व व्हॅटच्या वाट्याचा हिशेब, त्याखाली तारीख. हे हिशेबी वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपावे लागते. बिलाचा कागद उष्णतेवर छापलेला असेल तर त्याचा फोटो त्याच आठवड्यात काढून ठेवा. असा कागद वर्ष-दीड वर्षात कोरा होतो, आणि मागे पेनाने लिहिलेली हजेरी तेवढी उरते.